शून्याच्या आधीचे तीन दिवस

१

मार्लिस हेइकिनेनच्या तळघरात ओल्गा राहायची, आणि ओल्गाच्या डोक्यावर रोज सकाळी पावाची कणीक फुगायला ठेवलेली असायची. ओल्गा म्हणजे लहान फ्रिजएवढा जुना संगणक, वय वर्षे तीस. तो इतका तापायचा की हॅनकॉक गावच्या लांबलचक हिवाळ्यात हातमोजे, पायमोजे आणि वेलचीचा पाव या तिघांची सोय एकट्या ओल्गाच्या जिवावर व्हायची. तळघरातला रेडिओ रात्रंदिवस चालू असे. ओल्गाला एकटं वाटू नये म्हणून, असं मार्लिस सांगायची. ही थट्टा की खरं, ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही, आणि तिलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

मार्लिस बासष्ट वर्षांची. कॉलेजातल्या संगणकांची देखभाल करून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आणि कोपराला हिरवं रफू केलेला लाल स्वेटर मे महिन्यातही न काढणारी बाई. जगभरचे शेकडो लोक मिळून एका कार्यप्रणालीचा गाभा सांभाळत होते, त्यांतली ती एक. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. संगणक उठला की सगळ्यांच्या आधी जागा होतो तो हा. तो नाना जातींच्या प्रोसेसरवर चालावा म्हणून प्रत्येक जातीमागे कोणीतरी राखण करायला बसलेलं असतं. ओल्गाच्या जातीचे प्रोसेसर निघायचे बंद होऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्या जातीच्या नावापुढे यादीत आता एकच नाव उरलं होतं.

सोमवारी सकाळी ऑटवाहून ग्रेडी पूलिनचा फोन आला. कर्नेलच्या पुढच्या आवृत्तीत काय राहील आणि काय जाईल हे तो ठरवायचा. माणूस मनाने मऊ, फक्त विनोद फार जुने करायचा. पुढच्या शुक्रवारी दुपारी बाराला यादी बंद होणार, तोवर ओल्गाची मोठ्या फायलीची चाचणी पास झाली पाहिजे, असं त्याने सांगितलं.

"आणि सह्या दोन लागतील," तो म्हणाला.

"दोन? आजवर माझी एक पुरत होती की."

"उद्या तुम्हाला बसने उडवलं तर?"

"हॅनकॉकमध्ये बस दिवसातून दोनदा येते, ग्रेडी. मी वेळा बघूनच रस्ता ओलांडते."

तो हसला, पण त्याने ऐकलं नाही. सही म्हणजे एक ओळ: मी स्वतः, खऱ्या यंत्रावर, तपासलं. खाली नाव. या लोकांत इतर बाबतींत कोणी काहीही थापा मारील, पण या ओळीखाली खोटं नाव घालणं म्हणजे कायमचं तोंड काळं करून घेणं. मागे एकाने आपल्या मांजराची सही ठोकली होती. तेव्हापासून नव्या माणसाचा आवाज फोनवर ऐकल्याशिवाय ग्रेडी त्याचं नाव यादीत घेत नसे.

ओल्गाच्या जातीचं दुसरं चालतं यंत्र सॅस्कटूनच्या एका म्हाताऱ्याकडे होतं. त्याने ते गेल्याच वर्षी संग्रहालयाला देऊन टाकलं आणि तो मासे मारायला लागला. तेव्हा दुसरं माणूस आणायचं कुठून? यादीतून नाव गेलं की सव्वीस वर्षांचं काम पुसलं जाणार होतं. ओल्गा नुसती शेगडी होणार होती, आणि आपण रोज सकाळी कशासाठी उठायचं, हे मार्लिसला खरोखरच माहीत नव्हतं.

२

आधी चाचणी तरी करू, असं तिने ठरवलं.

फायलीतल्या प्रत्येक घराला एक आकडा असतो. पहिलं घर शून्य, मग एक, मग दोन. नव्या प्रोसेसरना हा आकडा कितीही मोठा चालतो. ओल्गाच्या जातीच्या लहान प्रोसेसरना मात्र दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस एवढाच आकडा एका हातात मावतो. त्याच्या पुढचा आकडा दोन तुकडे करून दोन हातांत न्यावा लागतो. नेताना एखादा तुकडा मागे राहिला, की दोन अब्जांच्या पुढचा आकडा थेट उणे दोन अब्जांवर जाऊन पडतो. म्हणजे फाइल सुरू होण्याच्याही आधी. तिथे अर्थातच काही नसतं.

चाचणीला अशी मोठी फाइल हवी, आणि तिच्यात सगळीकडे सारखंच काही असून चालत नाही. नाहीतर आपण चुकीच्या घरात शिरलो हे कळणार कसं? मार्लिसने युक्ती आधीच काढली होती, आणि सामानही मागवून ठेवलं होतं. त्याच सोमवारी साडेआठला टपालाने नवा माइक आणि नवी कोरी डिस्क आली. दोन्ही वरच जोडून घेऊन ती खाली आली, नऊच्या ठोक्याला तार ओल्गात खोचली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, ओल्गा." तळघराचा आवाज फायलीत जाऊ लागला, सेकंदाला आठ हजार घरं. रेडिओ दर अर्ध्या तासाला वेळ सांगायचा, त्यामुळे फायलीला आपोआप पानांचे आकडे पडत गेले. या हिशेबाने गुरुवारी सकाळी अकरा चौतीसला ओल्गाची एका हाताची मर्यादा भरणार होती.

शुक्रवारी सकाळी मार्लिसने कानाला हेडफोन लावले, कॉफीचा घोट घेतला आणि ओल्गाला सांगितलं, मर्यादेच्या पुढच्या पहिल्या घरापासून वाचायला लाग.

गुरुवारी त्या वेळेला रेडिओवर हरवलेल्या कुत्र्यांची यादी चालू होती, ते तिला पक्कं आठवत होतं. हेडफोनमध्ये कुत्रं नव्हतं. पंख्याची घरघर होती, आणि कोणीतरी आनंदात गुणगुणत कणीक थापटत होतं. मग रेडिओ म्हणाला, शुक्रवार, तीन मे, सकाळचे साडेसहा.

आज दहा मे होती.

३

मार्लिसला आधी हसूच आलं. तुकडा मागे राहिला होता, चूक सापडली होती. तिच्यासारख्या बाईला याहून मोठा आनंद नाही. हसू मावळायला थोडा वेळ लागला.

उणे बाजूला काही नसतं. असला तर डिस्कवरचा कचरा असतो, आणि कचरा गुणगुणत नाही. तिने पुढे ऐकलं. तिचाच आवाज ओल्गाला सांगत होता, "हा टेसाच्या लग्नाचा पाव आहे, नीट फुगव." गेल्या शुक्रवारी ती हे शब्दशः म्हणाली होती. त्या वेळी माइक टपालाच्या गाडीत होता आणि डिस्क कुठल्या गोदामात होती देव जाणे.

तिने फाइल लॅपटॉपवर नेली. लॅपटॉप म्हणाला, गुरुवार, अकरा चौतीस, आणि तपकिरी कानांचं एक बीगल हरवलं आहे. सगळं जसं हवं तसं. खाली येऊन ओल्गाला विचारलं, तर पुन्हा तीन मे. तिने तारा बदलल्या, हेडफोन बदलले, कॉफीसुद्धा बदलली.

मग तिने हिशेब मांडला. उणे दोन अब्ज म्हणजे शून्याच्या आधीचे तीन दिवस, दोन तास आणि चौतीस मिनिटं. शुक्रवारी पहाटेपासून सोमवारी नऊपर्यंत. त्यातला शुक्रवार दुपारपासून रविवार रात्रीपर्यंतचा वेळ ती घरी नव्हतीच. बहिणीच्या मुलीच्या, टेसाच्या लग्नाला मार्केट नावाच्या शहराला गेली होती. घराला कुलूप होतं.

ती शुक्रवार दुपारच्या घरांवर गेली. स्वतःचा आवाज ऐकला: "येते गं, ओल्गा." पावलं वर गेली. खालून तिसरी पायरी करकरली, ती नेहमीच करकरते. दार लागलं. बाहेर गाडी सुरू झाली आणि दूर गेली.

नंतर नुसता पंखा आणि रेडिओ. मार्लिस हेडफोन काढणारच होती.

तेवढ्यात खुर्ची कुरकुरली. वजन पडल्यावर ती कशी कुरकुरते हे मार्लिसला नीट ठाऊक होतं, कारण आत्ता ती त्याच खुर्चीत बसली होती. मग कोणीतरी घसा खाकरला. दोनदा आखूड, एकदा लांब.

चर्चमध्ये शेवटच्या बाकावरून ऐकलं तरी आपली बहीण ओळखू येते, असं तिची बहीण डोरीन मार्लिसच्या ज्या खाकरण्यावरून म्हणायची, ते हेच.

त्या दिवशी मार्लिस कणीक तशीच टाकून वर आली. दुपारी तिने चिमणीजवळचा कोपरा, भट्टीची मागची बाजू आणि कपड्यांचं कपाट झाडूच्या दांड्याने ढोसून पाहिलं. दोन वर्षांपूर्वी हरवलेला एक हातमोजा सापडला. दुसरं काही नाही.

संध्याकाळी डोरीनचा फोन आला. लग्नाचे फोटो आले होते.

"अगं, किती नाचलीस तू," डोरीन म्हणाली. "सगळे विचारतायत, ही मार्लिसच का? दोन दिवसांत ओल्गाचं नावसुद्धा काढलं नाहीस."

"काढलं असेल गं."

"नाही काढलंस. टेसा तर म्हणाली, मावशीचा अर्धा जीव घरीच राहिलाय, म्हणून ही इतकी हलकी झाली आहे." डोरीन मनापासून हसली. "ऑक्टोबरात आमच्या धाकट्या ब्रिनच्या लग्नाला अशीच ये. पत्रिका धाडलीय."

मार्लिसही हसली. लग्नात तिला खरंच फार हलकं वाटलं होतं. पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं. तेव्हा ती समजली होती की ही वाइनची करामत.

४

शनिवार-रविवार ती खाली गेली नाही, रेडिओचा आवाज मात्र स्वयंपाकघरातून ऐकत राहिली. सोमवारी गेली. वेडी आहेस का, असं स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हेडफोन लावले.

सगळं ऐकायला तीन दिवस लागले असते, म्हणून ती एकेक तास सोडून ऐकत गेली. खालची ती बाई टाइप करायची. भराभर, मग थांबून, मग पुन्हा. शनिवारी पोल्का नाचाच्या गाण्यांचा कार्यक्रम लागला तेव्हा तिने पायाने ठेका धरला. मार्केटला मार्लिस नाचत होती ती वेळ हीच. एकदा ती ओल्गाला म्हणाली, "बघ, पंधराशे बावन्नावी ओळ. कधी कळणार तिला?" आणि मायेने हसली.

त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आणि मार्लिसला नेमकी त्याचीच भीती वाटली. चोर असता तर पोलिसांना बोलावता आलं असतं. ही घरचीच वाटत होती. उलट हेडफोन लावून चोरासारखं ऐकत बसलोय ते आपणच, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तिने ग्रेडीला फोन लावला आणि चुकीबद्दल सांगितलं, आवाजाबद्दल सांगितलं नाही. ग्रेडी म्हणाला, उणे घरांत जाऊ देणं बरं नाही, तिथे दार बसवा. मग त्याने उणे एक नावाच्या माणसाचा विनोद सांगितला, तो ती अकराव्यांदा ऐकत होती.

बुधवारी शेवटचा एक तास उरला. सोमवारचे आठ ते नऊ. टाइप करणं चालू. साडेआठला वर दाराची घंटा वाजली, तो टपालवाला. वरच्या मार्लिसची पावलं दारापर्यंत गेली, पार्सल टेबलावर आदळलं. खालचं टाइप करणं थांबलं.

नऊला दहा सेकंद कमी असताना तळघराचं दार उघडलं. पावलं खाली येऊ लागली. तिसरी पायरी करकरली. खुर्ची मात्र कुरकुरली नाही. कोणी उठलं नाही. खुर्चीतून अगदी जवळ, अगदी खुशीत, मार्लिसचा आवाज आला:

"आली वाटतं."

आणि मग शून्य. "गुड मॉर्निंग, ओल्गा."

ही फाइल मार्लिसने जन्माला घातली होती, तिचा पहिला सेकंद तिला पाठ होता. तिने तो पुन्हा ऐकला, आधीच्या दहा सेकंदांसकट. एक उतरून आली होती. कोणी वर गेलं नव्हतं, ना त्या सेकंदात, ना नंतरच्या चार दिवसांत.

तिने हेडफोन काढले. पाठीमागे रेडिओ, पुढे ओल्गा, खाली खुर्ची. मान वळवायची की नाही यावर तिने बराच विचार केला. शेवटी ती न वळताच उठली आणि गाणं म्हणत, जरा मोठ्यानेच, वर गेली.

५

कर्नेलमधली ती पंधराशे बावन्नावी ओळ तिची स्वतःचीच होती. आकड्याचे दोन तुकडे हातात घेणाऱ्या ठिकाणी तिने एकच तुकडा घेतला होता, आणि उणे आकड्याला अडवणारी तपासणी काढून टाकली होती. वेळ वाचावा म्हणून, पंचवीस वर्षांपूर्वी. शेजारी तिने थाटात टीप लिहून ठेवली होती: हे कधीच होत नाही.

अशी टीप या लोकांतल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी लिहिलेली असते.

गुरुवारी स्वयंपाकघरात बसून, लॅपटॉपवरून ओल्गाशी जोडून घेऊन, तिने ती ओळ दुरुस्त केली. दुसरा तुकडा घेतला, तपासणी परत बसवली, टीप खोडली. ओल्गाला चाचणी चालवायला सांगितलं. आता मर्यादेपुढे बीगल मिळालं, आणि उणे घर मागितलं की ओल्गा नम्रपणे सांगू लागली, इथे वाचता येत नाही.

चाचणी पास झाली. मार्लिसला आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग वाईट वाटलं, ते आनंदाहून जास्त. सव्वीस वर्षांत तळघरात तिच्याशी तिच्याच भाषेत बोलणारं कोणी नव्हतं. जे होतं त्याच्या तोंडावर तिने दार लावलं होतं. आता ते दाराच्या अलीकडे होतं की पलीकडे, हे विचारायची सोयही उरली नव्हती.

६

शुक्रवारी सकाळी दहाला ती ब्रिनच्या पत्रिकेचं उत्तर टाकायला पोस्टात गेली. पोस्टातली बाई गप्पिष्ट, त्यामुळे तास गेला. आल्यावर कॉफी करून तिने ग्रेडीला दुरुस्ती धाडली. खाली ओळ लिहिली: मी स्वतः, खऱ्या यंत्रावर, तपासलं. मार्लिस हेइकिनेन. त्याखाली प्रामाणिकपणे लिहिलं, दुसरं माणूस मिळालं नाही, सव्वीस वर्षांबद्दल आभार. हे लिहिताना डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने लाल बाहीला पुसलं.

बारा वाजले. बारा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"अभिनंदन," ग्रेडी म्हणाला. "ओल्गा यादीत राहिली. चाचणी पास, सह्या दोन्ही आल्या."

"दोन्ही?"

"हो. आणि तुम्ही मला आधी सांगायचं नाही का? मी आठवडाभर झोपलो नाही."

मार्लिसने शेगडी बंद केली. दुसरी सही कोणाची, असं तिने विचारलं, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून.

"तुमची जोडीदारीण. साडेदहाला फोन आला होता, तुमच्या तळघरातल्या नंबरवरून. मी म्हटलं, नाव? म्हणाली हेइकिनेन. मी म्हटलं, बहीण का? तर नुसती हसली. आवाज काय सारखा आहे हो तुमचा. पण तयारीची बाई आहे. ती पंधराशे बावन्नावी ओळ तिला तुमच्या आधी सापडली होती, म्हणाली, पण तुमची तुम्हाला सापडू दे म्हणून थांबली."

"आणखी काय म्हणाली?"

"उणे एकचा विनोद सांगितला मी. तुमच्यापेक्षा जास्त हसली." ग्रेडीला ते फारच आवडलेलं दिसत होतं. "हां, आणि निरोप आहे. ऑक्टोबरात कुठलं लग्न आहे म्हणे. या वेळी लग्नाला मी जाणार, ओल्गाकडे तिने बसायचं, असं सांगा म्हणाली."

ब्रिनच्या लग्नाबद्दल मार्लिसने ग्रेडीला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कशाला मध्ये पडू? म्हटलं, दोघी मिळून ठरवा."

फोन बंद झाल्यावर मार्लिस स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. ऊन टेबलावर आलं होतं. फ्रिजवर ब्रिनची पत्रिका चिकटवलेली होती आणि घरभर वेलचीचा वास सुटला होता. कणीक आज तिने भिजवली नव्हती, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

ओल्गा राहिली होती. हवं होतं ते मिळालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती यादीत एकटी नव्हती.

खालून तिसरी पायरी करकरली.

मग चौथी आणि पाचवी, सावकाश, हातात काहीतरी सांभाळून आणत असल्यासारखी. तळघराचं दार अर्धवट उघडं होतं. जिन्याच्या वळणावर आधी पावाची थाळी दिसली, मग लाल बाही आणि कोपराचं हिरवं रफू. मार्लिसने आपला कोपर चाचपला. रफू जागेवर होतं.

ओरडावं असं तिला वाटलं, पण तिने आधी घसा खाकरला. दोनदा आखूड, एकदा लांब. आणि तिच्या तोंडून जे निघालं ते इतकं खुशीत निघालं, की हे म्हणण्याची आपण केव्हापासून वाट बघत होतो, हे तिलाच कळेना.

"आली वाटतं."